चारा की वारा

बांबूचे एक दाट बन होते आणि त्या बनाला वळसा घालून एक ओढा वाहत असे. त्या ओढ्याच्या काठी एक पाणमांजर आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. मांजर म्हटले की मावशीपण आलेच, म्हणून सारे जंगल तिला मावशी म्हणे. मावशी पोहण्यात पटाईत, बोलायला गोड आणि मायेच्या बाबतीत अगदी हाताबाहेर गेलेली होती. कुणाच्या पायात काटा मोडला की पाणी हिच्या डोळ्यांत यायचे. समोरच्याने नुसती जांभई दिली तरी ही विचारायची, "भूक लागली का रे?"

एका वर्षी ओढा फार लवकर आटला. होळी सरली आणि पात्रात नुसती डबकी उरली. त्या डबक्यांत बोटाएवढे मासे दाटीवाटीने वळवळत होते. मोठे मासे कुठे गेले, असे विचाराल तर खरे सांगायला हवे. ते सगळ्यांनी मिळून खाल्ले होते. लहान-मोठा पाहिला नाही, अंड्यांवर आलेली मासोळीसुद्धा सोडली नाही. त्या खाण्यात मावशीही होतीच. आता बाकीची पाणमांजरे चार डोंगर ओलांडून मोठ्या नदीकडे निघून गेली. मावशीच्या पिल्लांचे पाय मात्र अजून कोवळे होते. चार डोंगर सोडा, त्यांना समोरची टेकडी झेपली नसती. मासे संपले तर पिल्ले उपाशी मरणार, हे मावशीला पक्के कळून चुकले.

बनाच्या मागे एक खोल खळगा होता. त्यात झऱ्याचे पाणी साचून छानसे तळे झाले होते. मावशीने ठरवले की, डबक्यांतले मासे या तळ्यात आणायचे, जपायचे, वाढवायचे, आणि जो मासा आपल्या शेपटीएवढा लांब होईल तोच काढायचा. ती एकेक मासा तोंडात धरून, दात न लावता, तळ्यात आणून सोडू लागली. पाणमांजराच्या तोंडात मासा असावा आणि त्याने तो गिळू नये, हे किती अवघड असते ते तुम्हाला कळायचे नाही. तोंडात पेढा ठेवून, तो न चावता शाळेपर्यंत चालत जाऊन पाहा, म्हणजे थोडेफार कळेल. मावशीने अशा शेकडो फेऱ्या केल्या. पुरे म्हणावे असे तिला वाटतच नव्हते. "एवढ्याशा जिवाला डबक्यात कसं सोडू?" असे म्हणत तिने शेवटचा मासासुद्धा उचलून आणला. तळे गच्च भरले.

तुम्ही म्हणाल, ज्याला पुढे खायचे त्याच्यावर कसली आली माया? आपल्या गावात कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या काकूंना हे विचारा. त्या कोंबडीला नावाने हाका मारतात, तिला ऊन लागले तर स्वतः अस्वस्थ होतात, आणि तरीही रविवार यायचा तो येतोच. जगाची ही रीत आहे. ती गोड नाही, पण खोटीही नाही. मावशीचे तसेच होते. ती रोज वाळवीची वारुळे उकरून वाळवी आणी, उंबराखाली पडलेली उंबरे गोळा करी, पाणथळीत आपोआप उगवलेले देवभात झोडून आणी आणि तळ्यात टाकी. मासे धावत येत. त्यांचे ते धावत येणे पाहून मावशीचे पोट भरत असे.

तळ्याच्या काठी एक बगळा उभा असे. एका पायावर, डोळे अर्धे मिटून. तो मनाने वाईट नव्हता, पण सल्ला दिल्यावाचून त्याला अन्न पचत नसे. तो मावशीला म्हणाला, "माशांचं काहीही विचारायचं असेल तर मला विचारा. मी माशांना आतून ओळखतो."

मावशीने विश्वास ठेवला. बगळा माशांना आतून ओळखत होता हे खरेच होते, फक्त ते माशांच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या आतून.

वैशाख लागला. एके दिवशी आभाळ भरून आले, पण पाऊस पडेना. वारा पडला होता, बांबूचे पानसुद्धा हलत नव्हते. पहाटे मावशी तळ्यावर आली तर काय, सगळे मासे पाण्याच्या वर तोंडे काढून उभे. तोंडे मिटत होती, उघडत होती, आणि त्यातून बारीकसा आवाज येत होता, "...आरा, ...आरा."

"हे काय म्हणतात?" मावशीने बगळ्याला विचारले.

बगळ्याने मान तिरपी केली. "अगदी स्पष्ट आहे. चारा म्हणतात, चारा. तोंडं उघडी आहेत ना? उघडं तोंड म्हणजे भूक. दुसरं काय असणार?"

मावशीला भरून आले. आपण यांना अर्धपोटी ठेवले, असे तिला वाटले. ती धावत गेली आणि रोजच्या दुप्पट वाळवी घेऊन आली. मासे मात्र त्या दिवशी धावत आले नाहीत. त्यांनी एक-दोन घास घेतले, बाकीचा चारा हळूहळू तळाशी जाऊन बसला. दिवस वर आल्यावर मासे खाली गेले. बगळा म्हणाला, "पाहिलंत? पोट भरलं."

दुसऱ्या पहाटे तेच. मासे वर, तोंडे उघडी, "...आरा, ...आरा." मावशीने तिप्पट चारा टाकला. तिसऱ्या पहाटे तिने पिल्लांसाठी राखून ठेवलेली उंबरेही टाकली. पाण्याला आता कुबट वास येऊ लागला होता आणि त्याचा रंग शेवाळ्यासारखा झाला होता.

तळ्याच्या मधोमध बांबूची एक खुंटी रोवलेली होती. त्या खुंटीवर एक पाणगोगलगाय चढून बसली होती. गोगलगाईने पाणी सोडून वर चढावे हे मावशीला नवल वाटले. ती पोहत जवळ गेली आणि म्हणाली, "का गं, आज इतक्या उंचावर?"

"खाली जीव गुदमरतो," गोगलगाय म्हणाली. "तीन दिवस चढतेय मी. रोज थोडी जास्त चढते. मावशी, तुम्ही चारा टाकणं..."

गोगलगाय बोलतेही हळू. तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत बगळ्याने काठावरून चोच मारलीच. "हिचं ऐकू नका. गोगलगाय आणि पोटात पाय. तळाला पडलेला चारा हिलाच मिळावा म्हणून तुमच्या मनात काहीबाही भरवते आहे." मावशी घाईत होती. तिला अजून वारूळ उकरायचे होते. ती निघून गेली, आणि गोगलगाईचे वाक्य तसेच अर्धे राहिले.

चौथ्या पहाटे अकरा मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते.

मावशी काठावर बसली. तिने त्या अकरा माशांना एकेक करून बाहेर काढले आणि ओळीने ठेवले. त्यांतला एकही तिच्या शेपटीएवढा झाला नव्हता. मागे पिल्ले भुकेली बसली होती, तरी त्यांतला मासा उचलून त्यांना द्यावा असे तिच्या मनात येईना. पाण्यात बाकीचे मासे वर येऊन तोंडे उघडत होते, आणि कालच्यापेक्षा त्यांचा आवाज पुष्कळच बारीक झाला होता. मावशीला रडू आले. तिने अंगात होते तेवढे सगळे केले होते. आणखी काय करावे ते तिला कळत नव्हते. हे मासे गेले की ओढ्यात बीजालासुद्धा मासा उरणार नव्हता, आणि मग पिल्लांना घेऊन ते चार डोंगर चढायला लागणारच होते.

तेवढ्यात बनातून धाडधाड आवाज करत एक म्हैस आली. ही म्हैस कधीकाळी गावातून चुकून रानात आली होती आणि इथलीच होऊन गेली होती. मावशीने तिला तळ्यात उतरायची सक्त मनाई केली होती, कारण ती पाणी गढूळ करी. पण आज तिच्यामागे गोमाश्यांचा घोळकाच लागला होता.

"बाई, उतरू नकोस," मावशी ओरडली. "माझे मासे आधीच आजारी आहेत."

"आगं मावशे, माझ्या पाठीची चाळण झालीया," म्हैस म्हणाली. "पाण्यात बसल्याबिगर आता काय खरं न्हाई माझं." आणि ती झऱ्याच्या अंगाला, जिथे तळाला खडी होती तिथे, धपकन पाण्यात उतरली.

गोमाश्या तिथेही आल्या. मग म्हशीने जे काही सुरू केले ते पाहण्यासारखे होते. ती डाव्या-उजव्या बाजूला शेपटी सपासप आपटू लागली, पाय झाडू लागली, शिंगांनी पाणी उडवू लागली. पाणी हातभर उंच उडत होते आणि फेस होऊन खाली पडत होते. मावशी धावून गेली. ती म्हशीचा कान धरून तिला बाहेर ओढणार, एवढ्यात तिची नजर पाण्यात गेली आणि ती तिथेच थांबली.

सगळे मासे म्हशीच्या दिशेने निघाले होते. जे कालपासून जागचे हलत नव्हते तेही शेपट्या ओढत तिकडे चालले होते. म्हशीची शेपटी जिथे आपटत होती, नेमके तिथेच त्यांची गर्दी झाली. थोड्याच वेळात त्यांची तोंडे पाण्याखाली गेली, कल्ले भराभर हलू लागले, आणि एक छोटासा रोहू मावशीजवळ येऊन म्हणाला, "मावशी, वारा."

"काय म्हणालास?"

"वारा. चार दिवस तेच सांगत होतो. दम पुरत नव्हता, म्हणून पहिलं अक्षर तोंडातल्या तोंडात राहायचं."

ते चार दिवस वारा, वारा म्हणून ओरडत होते आणि मावशी त्यांच्या अंगावर चारा ओतत होती. तिला आपली इतकी लाज वाटली की, तिने दोन्ही पंजांनी तोंड झाकून घेतले. बगळ्याने दुसराही पाय खाली टेकला. त्याला असे दोन पायांवर उभे राहिलेले त्या जंगलात पूर्वी कुणी पाहिले नव्हते.

"मावशी," तो म्हणाला, "चूक माझी. मी आयुष्यभर माशांची फक्त तोंडंच पाहिली."

मग मावशी खुंटीकडे गेली आणि गोगलगाईसमोर नम्रपणे बसली. "काल तुझं बोलणं अर्धं राहिलं. ते पुरं कर. मला कसलीही घाई नाही."

गोगलगाय शांतपणे सांगू लागली. "पाण्यातही वारा असतो, मावशी. दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. मासे तोच घेतात. उन्हात पाणवनस्पती तो तयार करतात, वाऱ्याची झुळूक तो पाण्यात मिसळते. चार दिवस ऊन नाही, झुळूकही नाही. त्यात तुम्ही ओढ्याभरचे मासे एका तळ्यात आणलेत. आणि वरून चारा. तो खाल्ला गेला नाही की तळाला कुजतो, आणि कुजताना उरलासुरला वाराही तोच खाऊन टाकतो. तुम्ही जितकं वाढत होतात, तितके ते गुदमरत होते."

"हे तुला कुणी शिकवलं?" बगळ्याने विचारले. या वेळी त्याच्या आवाजात सल्ला नव्हता.

"मी तळाशी राहते," गोगलगाय म्हणाली.

त्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. पहिली अडचण अशी की, म्हशीने सदासर्वकाळ पाण्यात शेपटी आपटत बसावे असे काही तिला सांगता येईना. पण म्हैस गावात राहिलेली होती आणि तिने विहिरीवरचा रहाट पाहिलेला होता. ती म्हणाली, "त्येला काय हुतंय? गोल चाक करायचं, त्येला पाती लावायची. निम्मं पाण्यात, निम्मं वर. दांड्याला धरून कुणीतरी गोल फिरलं की पाती पाणी हाणत्यात. माझ्या शेपटीगत."

मावशीने बांबू कुरतडून आणले. चाक सरळ उभे राहिले की नाही हे पाहायला बगळा शेजारी उभा राहिला, कारण सरळ उभे राहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पात्यांसाठी सुगरणीला बोलावले. तिने गवताची अशी घट्ट पाती विणली की, पाणी आरपार जाईना. पहिले चाक फिरवताच मोडले. दुसरे उलटे बसले आणि सगळे पाणी बगळ्याच्या अंगावर आले. तिसरे फिरले. म्हैस दांड्याला धरून गोल गोल चालू लागली आणि तळ्यात पांढरा फेस उसळला. "गावात बैल रहाटाला जुंपायचे तवा मी रवंथ करत त्यास्नी हसायची," ती चालता चालता म्हणाली. तिला चाकावर एक प्रहर काम आणि झऱ्याच्या अंगाला एक प्रहर डुंबणे, असे ठरवून दिले होते. तिची काही तक्रार नव्हती.

गोगलगाईलाही काम मिळाले. सुगरणीने तिच्या खुंटीवर गवताची तीन कडी बांधली. गोगलगाय पहिल्या कड्याखाली असली की सगळे ठीक. ती दुसऱ्या कड्याला पोचली की चारा बंद. तिसऱ्या कड्याला गेली की म्हशीला हाक मारायची. जंगलातले प्राणी लांबून हे पाहायला येऊ लागले. एवढे मोठे तळे आणि त्याची नाडी एका गोगलगाईच्या पायाशी, याचे त्यांना मोठे कौतुक वाटे. बगळा आलेल्यांना सगळे समजावून सांगे, पण शेवटी म्हणे, "नीट विचारायचं असेल तर तिला विचारा. वेळ मात्र हाताशी ठेवून या."

आणि मावशीने एक गोष्ट केली जी तिला सगळ्यात जड गेली. तिने चारा निम्म्यावर आणला. झऱ्याच्या वाटेवर तिने आणखी दोन तळी खणली आणि अर्धे मासे तिकडे हलवले. सगळ्यांना एकाच कुशीत घेता येत नाही, हे तिला कळले होते, पण वळायला चार दिवस लागले.

ज्येष्ठात पुन्हा तसेच आभाळ आले. पान हलत नव्हते. पहाटे गोगलगाय तिसऱ्या कड्यावर होती. म्हैस उठली, चाक फिरले, आणि त्या दिवशी एकही मासा पोट वर करून आला नाही. पुढे त्यांतले मासे शेपटीएवढे झाले. मावशीने मोजके तेवढेच काढले. पिल्लांना ते पुरले, आणि उरलेल्यांतली अंड्यांवर आलेली मासोळी तिने भरल्या ओढ्यात नेऊन सोडली. दोन वर्षांत ओढ्यात मासे दिसू लागले. काठाकाठाने इतरांनीही तळी केली. कुणी वाऱ्यावर फिरणारे चाक केले, कुणी ओढ्याच्या धारेवर फिरणारे. मुलांनो, आज माणसेही शेततळ्यांत मासे वाढवतात. तिथे उन्हाच्या विजेवर फिरणारी चाके असतात, आणि पाण्यात किती वारा उरला ते मोजून थेट मोबाईलवर कळवणारी यंत्रेही असतात. पुढे याहून शहाणी यंत्रे येतील. ती जरूर आणावीत. पण यंत्राने सांगितलेले ऐकायला कुणीतरी घाई सोडून बसावे लागते, ते काम यंत्र करत नाही.

एका सकाळी मावशी नेहमीप्रमाणे तळ्यावर आली. पाणी नितळ होते. एकही मासा वर आला नाही. एकही तोंड उघडले नाही. खोल खाली, पाणवनस्पतींच्या सावलीत, ते आपापल्या उद्योगात दंग होते. काठावर कोण येऊन उभे राहिले आहे, हे त्यांनी वळून पाहिलेसुद्धा नाही. मावशी रिकाम्या पंजांनी पुष्कळ वेळ तिथे बसून राहिली. कुणालाच तिची गरज नव्हती, आणि तिला जन्मात इतके बरे कधी वाटले नव्हते.

तात्पर्य : समोरच्याने तोंड उघडले की त्यात घास कोंबणे ही माया नव्हे, तो काय मागतो आहे ते थांबून ऐकणे ही माया. आणि ज्याला मासे पाळायचे आहेत त्याने आधी पाणी पाळावे.